रिचार्ज मारणारे बिनव्याजी सावकार

'कुठलं सिम घेऊ?' असं कुणी विचारलं की मी सांगतो, कुठलंही घे, भाव ठरलेला आहे. उत्तर उद्धट वाटतं, पण एकदा दरपत्रकं शेजारीशेजारी ठेवून बघा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांचा २९९ रुपयांचा प्लॅन जिओकडे होता, एअरटेलकडे होता आणि व्होडाफोन-आयडियाकडेही होता. जिओ त्यात रोज दीड जीबी देत होती, बाकीच्या दोघी एकेक जीबी. वर्षभराचा प्लॅन जिओचा ३,५९९, एअरटेलचा ३,५९९, व्होडाफोन-आयडियाचा ३,४९९. मंडईत एका ओळीत बसलेले तीन भाजीवालेसुद्धा भेंडीचा भाव इतक्या एकसुरात सांगत नाहीत. निदान तिसरा 'ताई, तुम्हाला म्हणून पाच कमी' तरी म्हणतो.

ही एकवाक्यता कशी जमली, त्याची तारीखवार नोंद आहे. २५ जून २०२४ ला सरकारने स्पेक्ट्रमचा लिलाव सुरू केला. विक्रीला काढलेल्या लहरींची पायाभूत किंमत ९६ हजार कोटींच्या वर होती. दोन दिवसांत लिलाव आटोपला आणि सरकारच्या पदरात पडले ११,३४० कोटी. एअरटेलने ६,८५७ कोटींची खरेदी केली, व्होडाफोन-आयडियाने ३,५१० कोटींची, आणि तिघींत सर्वांत मोठ्या जिओने ९७३ कोटींची. २६ तारखेला लिलाव संपला. २७ ला जिओची दरवाढ जाहीर झाली. २८ ला एअरटेलची झाली. त्याच दिवशी व्होडाफोन-आयडियाचीही झाली. तीन-चार जुलैपासून तिन्ही लागू. याला संगनमत म्हणायला पुरावा लागतो, तो माझ्याकडे नाही. योगायोग म्हणायला निगरगट्ट चेहरा लागतो, तोही माझ्याकडे नाही.

आणि कारण काय, तर गुंतवणूक. डिसेंबर २०१९ ला दर वाढले तेव्हा गुंतवणूक, नोव्हेंबर २०२१ ला वाढले तेव्हा गुंतवणूक, जुलै २०२४ ला पुन्हा गुंतवणूक. एअरटेलने तर पत्रकातच सांगून टाकलं होतं की दर ग्राहकामागे महिन्याला ३०० रुपयांच्या वर कमाई झाली तरच हा धंदा नीट चालेल, आणि त्यातूनच नेटवर्क, तंत्रज्ञान आणि स्पेक्ट्रममध्ये पैसा घालता येईल. स्पष्टवक्तेपणाबद्दल मी त्यांचा आभारी आहे. म्हणजे आधी आपण द्यायचे, मग ते घालणार. कुठे, कधी आणि किती, ते मात्र विचारायचं नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. धंद्यात जो भांडवल घालतो त्याला हिस्सा मिळतो, नाहीतर व्याज मिळतं, नाहीतर किमान कागद मिळतो. या देशात दहातले नऊ मोबाइल ग्राहक प्रीपेड आहेत. म्हणजे सेवा मिळायच्या आधी ते पैसे भरतात. आता त्यांना सांगितलं जातंय की उद्या जे नेटवर्क उभं राहणार आहे त्याचेही पैसे आजच भरा. हा झाला बिनव्याजी, बिनमुदतीचा, बिनकागदाचा कर्जव्यवहार. व्होडाफोन-आयडियाने सरकारचे पैसे थकवले तेव्हा सरकारने काय केलं? २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या बदल्यात शेअर घेतले आणि तेहतीस टक्क्यांचं मालक झालं. २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचे शेअर घेतले आणि मालकी एकोणपन्नास टक्क्यांच्या उंबरठ्यावर नेली. सरकारचे पैसे बुडायला लागले तर सरकारला शेअर. माझे पैसे आगाऊ गेले तर मला ध्वनिमुद्रित बाई सांगणार की ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

ही रक्कम किरकोळ असती तर मी एवढा चिडलो नसतो. कंपन्या याला 'आर्पू' म्हणतात, म्हणजे दर ग्राहकामागची महिन्याची कमाई. दरवाढीआधीच्या तिमाहीत एअरटेलचा आर्पू २११ रुपये होता, मार्च २०२५ च्या तिमाहीत तो २४५ झाला. जिओचा १८१.७० वरून २०६.२० वर गेला. एअरटेलचे भारतातले मोबाइल ग्राहक सुमारे ३६ कोटी. माणशी ३४ रुपये जास्त म्हणजे महिन्याला बाराशे कोटींच्या घरात. यातला एक रुपयाही कुठल्या तालुक्यात गेला हे मला कुणी सांगत नाही, सांगायचं बंधनही नाही.

गुंतवणूक कुठे होते आणि कुठे थांबते हे बघायला ताळेबंद वाचावा लागत नाही. राजापूर तालुक्यात आमच्या गावच्या सड्यावर या. तिथे एक टॉवर आहे. चार पायांचा, लोखंडी, भोवती तारेचं कुंपण, कुंपणात पत्र्याची पेटी आणि डिझेलचा जनरेटर. गावात तो एका कंपनीच्या नावाने ओळखला जातो, पण तो त्या कंपनीचा नाहीच. तो टॉवर उभारून भाड्याने देणाऱ्या वेगळ्याच कंपनीचा आहे. सिमवाल्या कंपन्या तिथे भाडेकरू. वरच्या अंगाला उभट पांढरे अँटेने, ते दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. म्हणजे टीव्हीवर एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या कंपन्या सड्यावर एकाच खांबाला लटकून, एकाच जनरेटरवर जगतात. जाहिरातीतली स्पर्धा कुंपणाच्या आत येत नाही.

त्या अँटेन्यांच्या खाली एक गोल डिश आहे, मायक्रोवेव्हची. कंपनीने इथे किती पैसा घातलाय ते ती डिश सांगते. या टॉवरला फायबर आलेलं नाही. गावातले सगळे फोन अँटेन्याशी बोलतात, अँटेना त्या डिशमधून पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरला निरोप देतो आणि तिथून पुढे कुठेतरी फायबर लागतं. एरवी गावात म्हाताऱ्यांखेरीज कुणी नसतं, तेव्हा हे निभतं. गणपतीत चाकरमानी उतरले की निभत नाही. फोनवर काड्या पूर्ण भरलेल्या, वर ४जी लिहिलेलं, आणि आरतीचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारी जातो. लोक म्हणतात, 'रेंज आहे पण नेट नाही.' बरोबरच म्हणतात. फोनपासून टॉवरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, टॉवरपासून पुढचा बोळ अरुंद आहे. तो बोळ रुंद करायचा तर सड्यावरचा कातळ फोडून फायबर न्यायचं, ग्रामपंचायतीपासून बांधकाम खात्यापर्यंत परवानग्या काढायच्या आणि बदल्यात मिळणार काय, तर दीडशे म्हाताऱ्यांचे सर्वांत स्वस्त रिचार्ज. कंपनीच्या हिशेबात हा तोट्याचा कातळ आहे, म्हणून गुंतवणूक डिशपाशी थांबली.

दुसरी खूण बॅटरीची. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेल्यावर पाऊण तासात रेंजही गेली की गावातलं शेंबडं पोरही सांगतं: बॅटऱ्या मेल्यात आणि डिझेलवाला आलेला नाही. टॉवरवर नवी यंत्रणा बसवली की फोटो निघतो, बातमी येते. मेलेल्या बॅटऱ्या बदलल्याची बातमी कधी वाचलीत? गुंतवणुकीचा हा भाग कुणाच्या जाहिरातीत नसतो, कारण त्याला फीत कापता येत नाही.

तिसरी गोष्ट लहरींची. कमी वारंवारितेची लहर लांब जाते, भिंती आणि घळी ओलांडते. जास्त वारंवारितेची लहर भरपूर डेटा वाहते पण जवळच दमते. २०२२ च्या मोठ्या लिलावात कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटींची बोली लावली, त्यातली ८८,०७८ कोटींची एकट्या जिओची, ४३,०८४ कोटींची एअरटेलची. ५जीचा मुख्य भार ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. तो पट्टा पुण्यात कर्वे रस्त्यावर उत्तम चालतो. आमचं घर सड्याच्या खाली, व्हाळाच्या काठाला आहे, तिथवर तो उतरेल ही आशा कुणी करू नये. ७०० मेगाहर्ट्झचा लांब पल्ल्याचा पट्टा त्या लिलावात फक्त जिओने घेतला. एअरटेलने तो महाग म्हणून सोडला आणि ४जीच्याच जाळ्यावर ५जीचं कलम केलं. धंद्याच्या दृष्टीने दोन्ही निर्णयांना आधार आहे. पण दरवाढ दोघांची जवळजवळ सारखी! एकाने दुप्पट पैसे मोजले, दुसऱ्याने निम्मे, आणि ग्राहकाकडून वसुली एकाच तराजूने. मग गुंतवणुकीचा आणि दराचा संबंध काय राहिला?

तुलनाच करायची तर मी अशी करतो. जिओकडे पैसा आहे, ७०० चा पट्टा आहे, फायबर आहे. पण २जी नाही, म्हणून साध्या बटणाच्या जुन्या फोनवाल्याला तिचा उपयोग शून्य. एअरटेल शहरात आणि महामार्गावर सहसा धड चालते आणि त्याची किंमत सर्वांत निर्लज्जपणे मागते. व्होडाफोन-आयडिया एके काळी महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत पोचलेली. त्यातल्या आयडियाचा जन्म बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा यांच्या एकत्र येण्यातून झाला आणि तेव्हा लोक या त्रिकुटाला आद्याक्षरं जोडून 'बटाटा' म्हणत. २०१८ च्या विलीनीकरणानंतर चाळीस कोटींच्या वर ग्राहक असलेली ही देशातली सर्वांत मोठी कंपनी होती. आज निम्मे उरलेत. तिचं ५जी मुंबईत यायला मार्च २०२५ उजाडावा लागला, इतरांनंतर अडीच वर्षांनी. दर मात्र इतरांच्या बरोबरीने वाढवले, म्हणजे गुंतवणूक न करण्याचीही तीच किंमत. बीएसएनएलकडे येतोच.

आता काकूचा फोन. काकू गावी असते, डब्बा फोन वापरते आणि तिला इंटरनेट नको आहे. तिच्या भाषेत: 'अरे, फोन लागतो की नाही तेवढं बोल, ते जीबी-बीबी तुझ्यापाशी ठेव.' देशात असे सुमारे १५ कोटी लोक अजून साधा फोन वापरतात. वर्षानुवर्षं त्यांना डेटा गळ्यात मारून प्लॅन विकले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नियम केला की फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा प्लॅन ठेवावाच लागेल. कंपन्यांनी ठेवला. कसा, ते पाहण्यासारखं आहे. एअरटेलचा ८४ दिवसांचा ५०९ रुपयांचा प्लॅन होता, ६ जीबी डेटासह. त्यातला डेटा काढला आणि किंमत केली ४९९. ओरड झाली, ट्रायने डोळे वटारले, मग ४६९. जिओने ६ जीबी डेटासह ४७९ रुपयांचा प्लॅन बंद करून बिनडेटाचा ४५८ चा आणला, मग तो ४४८ वर आला. आता हिशेब करा. काकूच्या प्लॅनमधून ६ जीबी काढून घेताना त्याची किंमत पहिल्यांदा धरली दहा रुपये. त्याच कंपनीच्या जुलै २०२४ च्या दरपत्रकात सुटा एक जीबी, एका दिवसापुरता, २२ रुपयांना होता. काढून घेताना जीबी पावणेदोन रुपयांचा, विकताना बावीसचा. सावकारी कायदा यांना लागू नाही एवढंच.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार की भारतात डेटा जगात सर्वांत स्वस्त, आणि तुम्ही रडताय. सरकारही तेच म्हणतं: २०१४ ला एक जीबी सुमारे २६९ रुपयांना पडायचा, आता दहाच्या आसपास. खरं आहे. १९९५ च्या ३१ जुलैला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल फोन केला, त्या काळात मिनिटाला सोळा रुपये आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. त्या मानाने आपण स्वर्गात आहोत. पण तो दहा रुपयांचा जीबी कुठल्या टपरीवर मिळतो ते मला दाखवा. तो सरासरीत असतो. तो मिळवायला महिन्याचे ४२ जीबी एकगठ्ठा घ्यावे लागतात आणि रोज दीड जीबी असे तुकडे करून खावे लागतात. उरलेले रात्री बारा वाजता गडप. पैसे भरलेला माल रोज मध्यरात्री दुकानदार परत घेतो, अशी दुसरी बाजारपेठ मला माहीत नाही. मी पुण्यात घरी वायफायवर, ऑफिसात वायफायवर; माझ्या दीड जीबीतला पाव हिस्साही संपत नाही. सरकारी सरासरीत मात्र मी स्वस्त डेटाचा लाभार्थी.

स्वस्ताईचा हा पाया कसा घातला गेला तेही विसरू नका. सप्टेंबर २०१६ ते मार्च २०१७ जिओने सगळं फुकट दिलं. त्या वेळी बाजारात डझनभर नावं होती. एअरसेल दिवाळखोरीत गेली, अनिल अंबानींच्या रिलायन्सने मोबाइलचा गाशा गुंडाळला, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलच्या पोटात गेल्या. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात. इथे आवळा देऊन अख्खी वाडी काढली. आता तीन खासगी आणि एक सरकारी उरली. तिघांचा बाजार असला की दर ठरवायला बैठक घ्यावी लागत नाही, एकमेकांचं पत्रक वाचलं की पुरतं. बाजारातून स्वस्त माल कसा नाहीसा होतो तेही पाहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये रोज एक जीबीचा २४९ चा प्लॅन आधी जिओच्या अ‍ॅपवरून गेला, पाठोपाठ एअरटेलनेही आपला २४९ चा प्लॅन काढला. दर वाढवला असं कुणी म्हणू शकत नाही, खालची पायरी तेवढी काढून घेतली. आणि २८ दिवसांच्या 'महिन्या'ने वर्षाला तेरा रिचार्ज होतात हे आता शाळकरी गणित आहे. २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा. ठेवला, एकेक, नियमापुरता.

ट्रायबद्दल बोलताना मला जीभ आवरावी लागते. ही संस्था १९९७ पासून आहे आणि दरांच्या बाबतीत तिचं धोरण आहे हात न लावण्याचं. बाजार दर ठरवेल. ठीक. मग निदान गुणवत्तेला तरी हात लावा. तसा प्रयत्न एकदा झाला होता, तो सांगितला पाहिजे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने नियम केला: कॉल मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. तीन रुपये! कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ ला न्यायालयाने नियम रद्द केला. युक्तिवाद असा की ट्रायच्याच निकषात शंभरातले दोन कॉल तुटणं चालतं, मग प्रत्येक तुटलेल्या कॉलला दंड कसा? कायद्याच्या काट्यावर ते बरोबर असेलही. पण तीन रुपये वाचवायला देशातले सर्वांत महागडे वकील उभे राहतात यावरून कॉल किती तुटत होते याचा मला अंदाज आला.

२०२४ चे गुणवत्तेचे नवे नियम जरा बरे आहेत. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला तेवढी व्हॅलिडिटी वाढवून द्यायची. कागदावर छान. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे दिवसचे दिवस फोन लागत नव्हते, तेव्हा असा नियम असता तर उपयोग झाला असता. पण नेहमीचं दुखणं जिल्ह्याचं नसतं, वाडीचं असतं. एका गावचा टॉवर आठवडाभर आडवा झाला तर तो जिल्ह्याचा खोळंबा नव्हे, म्हणून त्याची भरपाई नाही, नोंदही नाही. त्याच नियमांत असंही आहे की प्रत्येक कंपनीने आपल्या व्याप्तीचा नकाशा संकेतस्थळावर द्यायचा. मी एका कंपनीचा नकाशा उघडून पाहिला. आमचं घर रंगात न्हाऊन निघालंय. प्रत्यक्षात फोन पडवीच्या डाव्या खांबाशीच लागतो, तोही खांबाला टेकून उभं राहिलं तर. याच कंपनीकडे तक्रार केली तेव्हा एका मुलीचा फोन आला. 'सर, आपल्या लोकेशनला नेटवर्क अपग्रेडेशनचं काम सुरू आहे.' कधी होईल? 'सर, लवकरच.' त्यानंतर एसएमएस आला की तक्रारीचं निवारण झालं आहे. त्या पोरीला काय बोलणार, तिच्या हातात फक्त वाक्यं दिलेली असतात.

सरकारच्या वाट्याचंही बोललं पाहिजे, नाहीतर कंपन्या म्हणतील की आम्हालाच धोपटतो. आणि इथे त्यांची बाजू थोडी खरी आहे. २९९ च्या रिचार्जमधले पंचेचाळीस रुपये जीएसटीचे. उरलेल्या महसुलावर आठ टक्के परवाना शुल्क, त्यातले पाच टक्के डिजिटल भारत निधीला, म्हणजे पूर्वीचा जो सार्वत्रिक सेवा निधी होता त्याला. तो निधी कशासाठी? जिथे कंपन्या जात नाहीत तिथे नेटवर्क जावं म्हणून. वर स्पेक्ट्रमचे वीस वर्षांचे हप्ते. म्हणजे सड्यावरच्या टॉवरसाठी मी रिचार्जमधून एकदा निधीत पैसे भरतो, दरवाढीतून दुसऱ्यांदा भरतो. आणि तरी जुलै २०२२ मध्ये सरकारलाच सांगावं लागलं की देशातल्या २४,६८० गावांत ४जी पोचवायचं आहे, त्यासाठी २६,३१६ कोटी लागतील आणि ते काम बीएसएनएल करील. खासगी कंपन्यांनी नफ्याची गावं निवडली, तोट्याची गावं सरकारी पाटीत टाकली.

आणि बीएसएनएल? २०१९, २०२२ आणि २०२३ अशा तीन पॅकेजांत मिळून तिच्या नावे सुमारे सव्वातीन लाख कोटी मांडले गेले. जिओच्या ४जीनंतर नऊ वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२५ ला, झारसुगुडाच्या कार्यक्रमात तिचं स्वदेशी ४जी देशाला अर्पण झालं. जुलै २०२४ मध्ये खासगी दर वाढले तेव्हा एका महिन्यात २९ लाखांच्या आसपास ग्राहक बीएसएनएलकडे वळले होते. लोकांना पर्याय हवा होता हे यावरून दिसलं. पर्याय तयार नव्हता हे त्यांना गेल्यावर समजलं. दर न वाढवण्याची शेखी मिरवणाऱ्या बीएसएनएलनेही १०७ चा ३५ दिवसांचा प्लॅन २८ दिवसांवर आणला. कापायची विद्या सरकारी कंपनीतही टिकते. आता हेच सरकार स्पेक्ट्रम विकतं, परवाना शुल्क घेतं, बीएसएनएलचं मालक आहे, व्होडाफोन-आयडियाचं जवळपास निम्मं मालक आहे आणि नियामक मंडळाच्या नेमणुकाही करतं. दर वाढले की याच्या कुठल्या खिशाला तोटा होतो ते मी शोधतोय.

'आवडत नाही तर पोर्ट कर' हा सल्ला मला देऊ नका. १९०० ला एसएमएस पाठवता येतो हे मला माहीत आहे. पोर्ट केलं की उरलेली व्हॅलिडिटी आणि शिल्लक जुन्या कंपनीच्या खिशात जाते, म्हणून तर वर्षाचा प्लॅन स्वस्त करून आधीच पाय बांधतात. आणि पोर्ट करून जायचं कुठे? त्याच टॉवरवर, एक अँटेना सोडून शेजारच्या अँटेन्यावर.

मला काय हवं ते सांगून टाकतो, कारण ते या राज्यात आधीपासून अस्तित्वात आहे. महावितरणला वीजदर वाढवायचा असतो तेव्हा राज्य वीज नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो. कुठल्या कामावर किती भांडवली खर्च करणार, गेल्या वेळी मंजूर केलेला खर्च प्रत्यक्षात झाला का, हे मांडावं लागतं. जाहीर सुनावणी होते. इचलकरंजीचे यंत्रमागवाले येतात, शेतकरी येतात, ग्राहक पंचायतीचे लोक आकडे घेऊन येतात आणि अधिकाऱ्यांची सालटी काढतात. तरी वीज महागते, हे मान्य. पण हिशेब कागदावर राहतो आणि पुढच्या वर्षी तोच कागद तोंडावर फेकता येतो. मोबाइलची दरवाढ गुरुवारी पत्रकातून येते आणि पुढच्या बुधवारी लागू होते. जो दर गुंतवणुकीच्या नावाने वाढतो त्याला तालुकावार यादी जोडली पाहिजे: किती टॉवरना फायबर, किती ठिकाणी नव्या बॅटऱ्या, कोणत्या महिन्यापर्यंत. महिना उलटला आणि काम झालं नाही तर त्या तालुक्यातला वाढीव दर मागे, आपोआप, एसएमएस न करता.

सुनावणी रत्नागिरीला लावा, जिल्हाधिकारी कचेरीत. मी येतो, काकूलाही घेऊन येतो. तिला स्पेक्ट्रम आणि आर्पू यातलं काही कळत नाही, पण सड्यावरच्या जनरेटरचं डिझेल शेवटचं कधी भरलं हे ती तिन्ही कंपन्यांच्या वकिलांना उभं करून विचारील, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायची नाही.